ओझोन पाण्यात किती वेळ टिकतो?

सोलापूरच्या एसटी स्थानकावर विकत घेतलेल्या पाण्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय एखाद्या चौकस मुलाला असेल, तर 'ओझोनाइज्ड' हा शब्द त्याच्या नजरेस पडतो. दुसऱ्या दिवशी तो वर्गात विचारतो, "सर, ओझोन तर आकाशात उंचावर असतो ना? मग तो बाटलीत कसा आला?" प्रश्न चांगला आहे. त्याला जोडून आपण त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवू शकतो. बाटली उघडताना तिच्यात ओझोन असतो का? उत्तर आहे, नसतो. बाटली भरताना तो होता, आपले काम करून तो गेला. बाटलीचे बूच घट्ट असल्यामुळे तो गेला तरी बिघडले नाही.

बूच नसलेल्या पाण्याचे काय? अलीकडे हॉटेलांतील स्पा, निसर्गोपचार केंद्रे आणि भौतिकोपचार केंद्रे यांतील गरम पाण्याच्या टबांना ओझोनचे यंत्र जोडलेले दिसते. हे यंत्र बसवले की पाण्यात औषध टाकायला नको, असा अनेकांचा समज असतो. हा समज अर्धा खरा आणि अर्धा धोक्याचा आहे. तो तसा का, हे पाहताना आपल्याला रसायनशास्त्र, थोडे गणित आणि आपल्या घरच्या पिंपातले पाणी या तिन्ही गोष्टींकडे वळावे लागेल.

वासावरून सापडलेला वायू

विद्युतयंत्र चालू असताना त्याच्याजवळ एक विशिष्ट तिखट वास येतो, याची नोंद डच शास्त्रज्ञ व्हान मारुम याने १७८५ साली केली होती. जुन्या झेरॉक्स यंत्राजवळ उभे राहिलेल्यांना हा वास आठवत असेल. बासेल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने १८४० साली हा वास एका स्वतंत्र पदार्थाचा असल्याचे दाखवले आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ओझोन हे नाव दिले. पुढे १८६५ साली सोरे याने ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू असतात हे सिद्ध केले.

नेहमीच्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात आणि ती जोडी स्थिर असते. तिसरा अणू असलेला ओझोनचा रेणू अस्थिर असतो. समोर येईल त्या पदार्थाला ऑक्सिजन देऊन तो पुन्हा साधा ऑक्सिजन होऊ पाहतो. म्हणून तो अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजली, तर क्लोरीनसाठी ती १.३६ आणि ओझोनसाठी २.०७ येते. जिवाणूंच्या पेशीचे आवरण, विषाणूंची प्रथिने, पाण्याला रंग किंवा वास देणारे सेंद्रिय पदार्थ या सर्वांवर तो तुटून पडतो.

क्लोरीनला दाद न देणारे काही जीवही त्याच्यापुढे टिकत नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होते, पण या परजीवीच्या कोषावर त्याचा परिणाम झाला नाही. त्यानंतर त्या शहराने १९९८ पासून पाणी शुद्धीकरणात ओझोनचा वापर सुरू केला. पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरणे ही कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ सालीच असे केंद्र सुरू झाले होते.

यंत्र कसे चालते?

ओझोन सिलिंडरमध्ये भरून आणता येत नाही, कारण तो टिकत नाही. तो जेथे हवा तेथेच तयार करावा लागतो. यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत हवा एका खास अतिनील दिव्यावरून नेतात. १८५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण ऑक्सिजनच्या काही रेणूंचे तुकडे करतात आणि सुटे झालेले अणू इतर रेणूंना चिकटून ओझोन बनतो. दुसरीत दोन विद्युतअग्रांमध्ये काचेचा किंवा चिनीमातीचा विद्युतरोधक थर ठेवून हजारो व्होल्टचा दाब देतात. ठिणगी न पडता मंद जांभळा विसर्ग होत राहतो आणि त्या फटीतून जाणाऱ्या हवेत ओझोन तयार होतो. या रचनेचे श्रेय जर्मनीच्या सीमेन्स याला जाते, वर्ष १८५७. दुसऱ्या पद्धतीत कोरडी हवा वापरल्यास बाहेर येणाऱ्या वायूत वजनाने शेकडा एक ते तीन इतका ओझोन मिळू शकतो. अतिनील दिव्याने तो याच्या कितीतरी कमी मिळतो.

तयार झालेला ओझोन पाण्यात मिसळण्यासाठी व्हेंच्युरी नावाची नळी वापरतात. ही नळी मध्यभागी अरुंद असते. पंपाने ढकललेले पाणी या अरुंद भागातून वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि बाजूच्या छोट्या नळीतून वायू आपोआप आत ओढला जातो. नववी-दहावीच्या मुलांना बर्नुलीचे तत्त्व समजावण्यासाठी हे चांगले उदाहरण आहे. बाजूच्या नळीवर एक एकमार्गी झडप असते. ती वायूला पाण्याकडे जाऊ देते, पण पाण्याला यंत्राकडे येऊ देत नाही.

बुडबुड्यातला सगळा ओझोन पाण्यात विरघळत नाही. बुडबुडे जितके बारीक आणि पाण्याशी त्यांचा संपर्क जितका जास्त वेळ, तितका अधिक विरघळतो. उरलेला पृष्ठभागावर येऊन हवेत मिसळतो. टबात बसलेल्या माणसाचे नाक नेमके तेथेच असते. ओझोन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे झाकण घातलेल्या किंवा वारा न लागणाऱ्या टबावर तो साचून राहू शकतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेतील ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी अल्प मानतात. त्याहून जास्त झाल्यास खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि दम्याच्या रुग्णांना अधिक त्रास होतो. म्हणून चांगल्या रचनेत न विरघळलेला ओझोन वेगळा काढून कार्बनच्या किंवा मँगनीज डायऑक्साइडच्या थरातून नेऊन नष्ट करतात.

आयुष्य मिनिटांचे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वच्छ आणि उदासीन पाण्यात, २० अंश सेल्सिअस तापमानाला, ओझोनचा अर्धायुकाल साधारण २० मिनिटे धरतात. म्हणजे एका लिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅम ओझोन असेल, तर २० मिनिटांनी ०.२ आणि ४० मिनिटांनी ०.१ मिलिग्रॅम उरेल. दोन तासांत असे सहा टप्पे होतात. सहा वेळा निम्मे केले की मूळच्या चौसष्टाव्या भागाइतका, म्हणजे जवळजवळ काहीच नाही इतका ओझोन उरतो. ३५ अंशाला हाच अर्धायुकाल सुमारे ८ मिनिटांवर येतो. मग ४० मिनिटांतच पाच टप्पे होऊन बत्तिसावा भाग उरतो. सामू वाढला की विघटन आणखी झपाट्याने होते, आणि पाण्यात घाम, तेल, साबण, शैवाल असे काही असेल तर ओझोन त्याच्यावरच खर्च होऊन जातो.

गरम टबातले पाणी ३८ ते ४० अंशांचे असते आणि त्यात माणसे उतरतात. अशा पाण्यात ओझोन टबाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतही पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. तो व्हेंच्युरीजवळून जाणाऱ्या पाण्याचे उत्तम निर्जंतुकीकरण करतो. टबाच्या कोपऱ्यात, फवाऱ्याच्या नळ्यांत, गाळणीत वाढणाऱ्या जंतूंच्या बुळबुळीत थरापर्यंत मात्र तो जात नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते हे १९९९ साली दिसले. नेदरलंड्समधील बोव्हेनकार्स्पेल या गावी फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे विक्रीसाठी मांडलेल्या गरम, फेसाळ पाण्याच्या टबातील लिजिओनेला जिवाणू तुषारांबरोबर हवेत पसरले. सुमारे दोनशे लोक आजारी पडले आणि तीसहून अधिक दगावले. यांपैकी बहुतेक जण टबात उतरले नव्हते. ते फक्त जवळून गेले होते. जंतू वाढण्यासाठी कोमट पाणी आणि औषधाचा अभाव एवढे पुरेसे ठरले.

म्हणून नियम असा की ओझोन असला तरी पाण्यात टिकणारे जंतुनाशक हवेच. गरम टबासाठी लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम क्लोरीन किंवा ४ मिलिग्रॅम ब्रोमीन आणि सामू ७.० ते ७.८, अशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस आहे. ओझोनमुळे या औषधाची गरज संपत नाही. फक्त सेंद्रिय घाण आधीच जळून गेल्यामुळे ते कमी खर्ची पडते.

बिघाड शोधताना

ओझोनचे यंत्र बिघडले तरी बाहेरून फारसे काही दिसत नाही. दिवा लागलेला असतो, पंप घरघरत असतो, पाणीही काही दिवस नितळ राहते. म्हणून बिघाड शोधण्याची एक ठराविक पद्धत हवी. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे हवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आपण तपासत जायचे. यंत्राचे झाकण उघडायचे असेल तर वीज तोडून आणि जाणकाराकडूनच, कारण आत हजारो व्होल्ट असतात.

पहिला मुक्काम वेळेचा. पंप चालू असतानाच ओझोन पाण्यात ओढला जातो. वीज वाचवण्यासाठी पंप दिवसातून दोनच तास चालवला जात असेल, तर उरलेले बावीस तास पाण्याला ओझोनचा आधार नाही. हा बिघाड यंत्राचा नसून वेळापत्रकाचा आहे.

दुसरा मुक्काम शोषणाचा. ओझोनचे यंत्र बंद ठेवून, पंप चालू ठेवून वायूची नळी यंत्रापासून सोडवावी आणि तिच्या टोकावर बोट ठेवावे. बोट ओढले गेले पाहिजे. ओढ जाणवत नसेल तर गाळणी तुंबली असेल किंवा व्हेंच्युरीच्या अरुंद भागात क्षार साचले असतील. आपल्या भागातील काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात चटकन साचते, म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी ही तक्रार अपेक्षितच धरावी. सौम्य व्हिनेगरमध्ये तो भाग बुडवून ठेवला की थर विरघळतो. चुनखडीवर आम्लाची क्रिया मुलांना शिकवतो, तीच ही.

तिसरा मुक्काम झडपेचा. वायूच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर एकमार्गी झडप निकामी झाली आहे. ती बदलल्याशिवाय यंत्र चालू करू नये. ओझोनमुळे या झडपा लवकर खराब होतात, म्हणून त्या ठराविक काळाने बदलत राहणेच शहाणपणाचे.

चौथा मुक्काम खुद्द ओझोनचा. तो तयार होतो का? यासाठी शोनबाइनचीच युक्ती अजून उपयोगी पडते. स्टार्चच्या पातळ खळीत थोडे पोटॅशियम आयोडाइड विरघळवून त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवाव्यात. ओली पट्टी चिमट्यात धरून मोकळ्या हवेत नळीच्या तोंडाजवळ नेली असता ओझोनमुळे आयोडीन मुक्त होते आणि पट्टी निळी पडते. नाक नेऊन वास घेणे हा तपासाचा मार्ग नव्हे. एक तर ओझोन फुप्फुसाला अपायकारक आहे, आणि दुसरे म्हणजे नाकाला त्या वासाची थोड्याच वेळात सवय होते.

पट्टी निळी झाली नाही तर काय? अतिनील दिव्याच्या यंत्रात दिवा निळसर पेटलेला दिसत असूनही ओझोन बनवणारे किरण क्षीण झालेले असू शकतात, कारण ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. दिव्याला ठरलेल्या तासांचे आयुष्य असते, ते संपले की तो बदलावा. विद्युतविसर्गाच्या यंत्रात दोष बहुधा दमट हवेचा असतो. हवेत बाष्प असले की ओझोन कमी बनतो, शिवाय हवेतील नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होऊन आतील भागांवर थर चढतो. उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी असल्याने यंत्र व्यवस्थित चालते आणि जून-जुलैत अचानक मंदावते. त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. हवा कोरडी करण्यासाठी लावलेल्या सिलिका जेलचा रंग बदलला असेल तर ते तापवून किंवा बदलून घ्यावे.

पाचवा मुक्काम नळ्यांचा. साधे रबर ओझोनमुळे चिरते, कारण रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध तो तोडतो. टेफ्लॉनसारख्या टिकाऊ पदार्थाच्या नळ्या वापराव्यात. टबाच्या झाकणाची आतली बाजू ठिसूळ होऊन तिचा चुरा पडत असेल तर झाकणाखाली ओझोन साचतो आहे हे ओळखावे. खोलीत वास आला तर आधी यंत्र बंद करावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि माणसांना बाहेर काढावे. कारण त्यानंतर शोधावे.

शेवटी पाण्याचा विचार. डोळे चुरचुरत असतील आणि जलतरण तलावासारखा वास येत असेल, तर तो सहसा ओझोनचा किंवा जादा क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरॅमिनचा तो असतो. अशा वेळी बरेचसे पाणी बदलणे हाच उपाय. टाकलेले क्लोरीन भराभर संपत असेल तर दोन शक्यता आहेत. पाण्यात सेंद्रिय घाण फार आहे, किंवा ओझोन गरजेपेक्षा जास्त आहे. ओझोन क्लोरीनलाही सोडत नाही, त्याचे क्लोराइड व क्लोरेट करून टाकतो. जास्त ओझोन म्हणजे जास्त सुरक्षितता, हा हिशेब येथे चुकतो.

सोलापूरचे पाणी

टबाबद्दलचा हा नियम आपण आता शहराला लावून पाहू. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात पुण्याकडून येणाऱ्या नद्यांचे सांडपाणीही येते. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शैवाल माजते. तेथून शंभरावर किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून पाणी सोलापूरला येते, पाकणी येथे शुद्ध होते आणि मग शहरात वाटले जाते. असे पाणी पाहिले की एखाद्याच्या मनात साहजिकच येते, येथे क्लोरीनऐवजी ओझोन का वापरू नये?

शैवालाचा वास आणि रंग घालवण्यास ओझोन खरोखरच उपयोगी आहे. सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन यांच्या संयोगातून बनणारी काही नकोशी संयुगेही त्यामुळे कमी होऊ शकतात. तथापि 'ऐवजी' हा शब्द चालणार नाही. सोलापूरकरांनी अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड येणारे पाणी भरून ठेवले आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आधी मैलोगणती नळातून येते. दोन पुरवठ्यांच्या मध्ये नळ रिकामे आणि दाबरहित असतात, तेव्हा फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत येऊ शकते. त्यानंतर पाणी घरातील टाकीत, पिंपात आणि हंड्यात दिवसेंदिवस राहते. या प्रवासातील पहिल्या तासानंतर ओझोन शिल्लकच नसतो. एवढेच नव्हे, तर ओझोनने मोठ्या सेंद्रिय रेणूंचे लहान तुकडे केलेले असतात आणि हे तुकडे जिवाणूंना आयतेच खाद्य होतात. मागे राखणीला क्लोरीन नसेल तर नळातील जंतू उलट जोमाने वाढू शकतात. म्हणूनच जगभर जेथे ओझोन वापरतात तेथे बहुतेक ठिकाणी शेवटी क्लोरीनची मात्रा देतातच.

भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असले पाहिजे. गावोगावचे जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकून जी ओटी टेस्ट घेतात, ती याच शिल्लक क्लोरीनची. त्या पिवळ्या रंगाचा अर्थ 'औषध टाकले' एवढाच नाही. 'सगळे जंतू मारूनही औषध उरले आहे' हा त्याचा खरा अर्थ आहे. उरणे महत्त्वाचे. ओझोन ज्या परीक्षेत नापास होतो ती हीच.

वर्गात करून पाहण्यासाठी

ओझोन वर्गात तयार करू नये. पण 'टिकणे' ही कल्पना नळाच्या पाण्यावर सुरक्षितपणे दाखवता येते. पाणी येण्याच्या दिवशी ताजे पाणी तीन भांड्यांत घ्यावे. पहिले काचेचे भांडे उन्हात उघडे ठेवावे. दुसरे झाकून सावलीत ठेवावे. तिसऱ्यात चिमूटभर माती आणि थोडा पालापाचोळा टाकून तेही झाकून सावलीत ठेवावे. सुरुवातीला, एक तासाने, चार तासांनी आणि नंतर रोज एकदा प्रत्येकातील थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन शिक्षकांनी स्वतः ओटी टेस्ट करावी. हे द्रावण आम्लयुक्त आणि अपायकारक आहे, ते मुलांच्या हाती देऊ नये, आणि तपासलेले पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नये. मुलांनी रंगाची नोंद करून आलेख काढावा. ऊन आणि घाण क्लोरीनला किती लवकर संपवतात हे त्यांना दिसेल. त्याच आलेखावर ओझोनची रेषा २० मिनिटांच्या अर्धायुकालाने काढायला सांगावी. ती पहिल्या दोन तासांतच तळाला टेकते.

दुसरा उपक्रम घरचा. नळाला पाणी आल्याच्या दिवशी आणि पुढचे पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या साठ्याचा नमुना मुलांनी स्वच्छ बाटलीत आणावा. दुसऱ्या नमुन्यात पिवळा रंग आला नाही, तर पिण्यापुरते पाणी उकळून घ्यावे, हे मुलांनी घरी सांगावे. भांडे झाकलेले असावे, पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हातातला पेला आत बुडवू नये, हेही त्याच वेळी सांगता येईल.